दुपारी एक ते चार फाटक बंद

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. त्यातलं पुष्कळ आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणता आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे मलाच कधी कधी सांगता येत नाही. पण एका मर्गाची फाईल पानापानासकट आठवते. मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद. अशा नोंदी ठाण्यात सतत होत असतात. कोणी विहिरीत पडतं, कोणाला विजेचा धक्का बसतो, कोणाला साप चावतो. हवालदार पंचनामा करतो, शवविच्छेदनाचा अहवाल येतो, फाईल बंद होते. ही फाईलसुद्धा तशीच बंद झाली असती.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. चैत्र महिना होता. पोहरादेवीच्या यात्रेचा बंदोबस्त आटोपून आम्ही नुकतेच परतलो होतो आणि ठाण्यातली निम्मी माणसं ऊन लागून पडली होती. एके दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यातून नेहमीचा मेमो आला: स्त्री, वय अंदाजे चाळीस, सर्पदंश, दाखल करण्यापूर्वी मृत.

गावाच्या पूर्वेला नवी कॉलनी आहे. तिच्या मागच्या भिंतीला लागून दोन एकरांचा मळा होता. ही बाई आणि तिचा नवरा त्यात भेंडी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी लावत. बाईचं माहेर इंझोरीचं. पहाटे भाजी तोडायची आणि टोपली घेऊन सकाळी कॉलनीत दारोदार विकायची, हा तिचा रोजचा क्रम. त्या दुपारी भेंडीला पाणी देताना ओल्या वाफ्यात तिला नाग चावला.

हवालदाराचा पंचनामा मी वाचला. साप चावला दुपारी दीडच्या सुमारास, दवाखान्यात पोचले तीनला. मी तिथेच थांबलो. मळ्यापासून दवाखाना कॉलनीतून गेलं तर दोन किलोमीटरही नाही, आणि नवऱ्याकडे मोटारसायकल होती. मग दीड तास कुठे गेला? हवालदार म्हणाला, ते लोक मागच्या वाटेने आले, नाल्यातून आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधांवरून, बायपासला वळसा घालून. मी विचारलं, कशासाठी? त्याने कागदात पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवसानंतर मी नवऱ्याला बोलावलं. खुर्चीवर बस म्हटलं तरी तो भिंतीला टेकून खाली बसला. पन्नाशीचा, काटक माणूस. तो हळूहळू बोलत गेला. बायकोला मध्ये बसवलं, मागे जावेने तिला धरलं आणि तो कॉलनीच्या मागच्या फाटकाशी आला. फाटकाला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, चाबी नाही. बायकोच्या पापण्या तेव्हाच मिटायला लागल्या होत्या, बोलणं जड झालं होतं. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहून त्याने गाडी वळवली.

तक्रार का दिली नाही, असं मी विचारलं.

"कोणाची देऊ साहेब? त्यायचं फाटक, त्यायची कॉलनी. अन् उद्या भाजी घेऊन त्यायच्याच दारात जा लागते मले."

मी त्याचं बयाण नोंदवलं आणि कॉलनीत गेलो.

ही कॉलनी मला परकी नव्हती. गावात नाल्या तुंबलेल्या, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचे ढीग. आणि इथे प्रत्येक घरासमोर झाड, ओल्या-सुक्या कचऱ्याचे वेगळे डबे, मधोमध एक छोटी बाग. नगरपालिकेची वाट न पाहता लोकांनी हे स्वतःच्या हातांनी केलं होतं. सुरुवात केली होती एका निवृत्त मुख्याध्यापिकेने. सगळे त्यांना बाई म्हणत. पहिली काही वर्षं त्या स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर उतरत. रोपांसाठी शेणखत मागच्या मळ्यातून येई, आणि मळ्यातली बायामाणसं बागेतल्या नळावर पाणी प्यायला थांबत. या कामाचं मला मनापासून कौतुक होतं आणि आजही आहे.

पुढे समिती बदलली. एका सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ सचिव झाले. स्वच्छता वाढली, बक्षिसं आली, पाट्याही वाढल्या. बागेतल्या बाकांवर 'फक्त रहिवाशांसाठी' असं रंगवलं गेलं. धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी समोरच्या रस्त्याने न येता मागच्या गल्लीतून यावं, असं ठरलं. बागेतल्या नळाची तोटी काढून टाकली. आणि मळ्याकडे जाणारी जुनी पांदण जिथे कॉलनीत शिरत होती तिथे लोखंडी फाटक बसलं. त्यावर पाटी होती: दुपारी एक ते चार फाटक बंद राहील.

सचिवांनी माझं स्वागत केलं, सरबत दिलं. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं म्हणाले. पण त्या दुपारी फाटकाशी कोणी आलंच नव्हतं, असंही म्हणाले. मागचा कॅमेरा बंद पडला होता. चौकीदारानेही खाली मान घालून तेच सांगितलं. त्याची नोंदवही त्यांनी आपणहून माझ्यापुढे ठेवली.

वही पाहिल्याबरोबर मला शंका आली. चौकीदाराची वही कशी असते हे ज्याने पाहिलं आहे त्याला कळेल. पानांचे कोपरे मुडपलेले, चहाचे डाग, घामाने पसरलेली शाई, अर्धवट आकडे. ही वही कोरी करकरीत होती. अख्खा महिना एकाच पेनने, एकाच वळणात लिहिलेला. चौकीदार 'दोन वाजे' म्हणतो आणि तसंच लिहितो, हे मी त्याच्या हजेरीच्या कागदावर पाहिलं होतं. वहीत सगळीकडे 'वाजता' होतं. पण शंका म्हणजे पुरावा नाही. मी वही जप्त केली आणि परत आलो.

त्यानंतर आठवडाभर काहीच हाती लागलं नाही. कॉलनीतल्या एकेका घरी आमचे लोक जाऊन आले. सगळे सभ्य, सगळे त्या वेळी झोपलेले. वरून दोन फोन आले, सर्पदंशाच्या मर्गाला इतका वेळ कशाला देता, असा त्यांचा अर्थ होता.

खबर मिळाली ती खुर्च्यांमुळे. ठाण्यातल्या दोन खुर्च्यांच्या गाद्या फाटल्या होत्या. गावातला एक मुसलमान कारागीर सोफे, गाद्या शिवायचा. त्याला आम्ही माप घ्यायला बोलावलं होतं. माप झालं, रेक्झिनचा रंग ठरला, तरी तो जाईना. खोलीत मी एकटा उरलो तेव्हा त्याने दार लोटून घेतलं. त्या दुपारी तो कॉलनीत मागच्या ओळीतल्या एका घरी सोफ्याचं काम करत होता. त्याने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. गाडी आली, नवऱ्याने हात जोडले, चौकीदाराने फोन लावला, परत लावला. दोन-तीन घरांच्या गॅलरीत माणसं येऊन उभी राहिली आणि आत गेली. एक म्हातारी बाई फाटकाजवळ आली, गजांमधून पाण्याची बाटली दिली आणि परत गेली.

"मी पन चूप बसलो साहेब," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात होतो. पन आठ दिवस झाले, जेवन गोड लागून नाही राह्यलं. माझं नाव आलं तर तिथली रोजी गेली समजा."

नाव घेणार नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने 'फोन लावला' म्हटलं होतं, मला तेवढं पुरेसं होतं.

चौकीदाराच्या मोबाईलचा तपशील मागवला. त्या दुपारी एक बावन्नला एक कॉल आणि दोन वाजून एक मिनिटाला दुसरा, दोन्ही सचिवांच्या नंबरवर. तो कागद मी चौकीदारापुढे ठेवला आणि काहीच विचारलं नाही. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं तर तो पुन्हा खोटंच बोलतो. त्याला वेळ दिला तर तो स्वतःच खरं सांगायची जागा शोधतो. चौकीदार पाचेक मिनिटं त्या आकड्यांकडे पाहत राहिला आणि मग रडायला लागला.

त्याने सांगितलं, त्या दिवशी चार वाजता स्वच्छ कॉलनी स्पर्धेचं पथक येणार होतं. टँकर बोलावून रस्ता धुतला होता, समोर रांगोळ्या चालू होत्या. दुपारच्या वेळी फाटकाची चावी सचिवांकडे असायची. त्याने पहिला फोन करून सांगितलं, मळ्यातल्या बाईले पान लागलं, गाडी सोडा लागते. सचिव म्हणाले, आजच्या दिवस त्यांना मागून जाऊ दे, रस्ता आत्ताच धुतला आहे. दुसऱ्या फोनवर तो म्हणाला की बाई मान टाकून राह्यली. त्यावर सचिव म्हणाले, हे लोक रोज काहीतरी सांगतात. मग फोन बंद. दुसऱ्या दिवशी नवी वही आली. सचिवांनी ती स्वतः लिहिली आणि याला सह्या करायला सांगितलं.

पथक ठरल्याप्रमाणे चार वाजता आलं होतं. त्याच वेळी दवाखान्यात शवविच्छेदनाची तयारी चालू होती. कॉलनीला पहिलं बक्षीस मिळालं.

सचिवांना मी ठाण्यात बोलावलं. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात फाईल घेऊन आले. फोन आल्याचं आता ते नाकारू शकत नव्हते. पण त्यांनी वेगळी बाजू घेतली. म्हणाले, चौकीदार 'पान लागलं' असं म्हणाला, त्याचा अर्थ मला कळला नाही. मला वाटलं, तंबाखूचं पान वगैरे खाऊन बाईला भोवळ आली असेल. साप चावला असं तो स्पष्ट बोलला असता तर मी धावत गेलो असतो.

ते इतकं सरळपणे बोलले की शेजारी बसलेला माझा उपनिरीक्षक क्षणभर गोंधळला. तो कोकणातला होता. वऱ्हाडात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी सचिवांना त्यांचं मूळ गाव विचारलं. ते म्हणाले, याच जिल्ह्यातलं, धनजच्या बाजूचं. शिक्षण? दहावीपर्यंत तिथेच. घरी शेती होती का? होती. मग मी विचारलं, "तुमच्या घरी कोणाला साप चावला की तुमची आई काय म्हणायची?"

त्यांनी फाईल उघडली आणि माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "फाटकाचा नियम मी एकट्याने केलेला नाही. हे पाहा."

समितीच्या सभेचं इतिवृत्त होतं. दोन वर्षांपूर्वी कॉलनीत एक घरफोडी झाली होती. त्यानंतर कॉलनीच्या एका कार्यक्रमाला मी प्रमुख पाहुणा होतो. दुपारी घरं बंद असतात, बाहेरच्या लोकांचा वावर कमी करा, मागच्या बाजूला फाटक बसवा, असं मी भाषणात सांगितलं होतं. मला ते आठवतही नव्हतं. प्रत्येक कॉलनीत मी हेच भाषण करायचो. ठरावात स्पष्ट लिहिलं होतं: ठाणेदार साहेबांच्या मार्गदर्शनानुसार. ती घरफोडी पुढे उघडकीस आली, ती मालकाच्या पुतण्यानेच केली होती. नियम मात्र तसाच राहिला.

मी ते इतिवृत्त पंचांसमक्ष जप्त केलं आणि फाईलला जोडलं. वरिष्ठांनी नंतर विचारलं की ते पान जोडायची गरज काय होती. मी म्हणालो, होती.

आता राहिल्या मुख्याध्यापिका बाई. पाण्याची बाटली देणारी म्हातारी त्याच, हे मला कारागिराच्या वर्णनावरून कळलं होतं. पहिल्या फेरीत आमच्या शिपायाला त्यांनीही झोपले होते असं सांगितलं होतं. मी साध्या कपड्यांत त्यांच्याकडे गेलो. घर नीटनेटकं, भिंतीवर विद्यार्थ्यांबरोबरचे फोटो. मी पाण्याच्या बाटलीचा विषय काढला तेव्हा त्या अजिबात दचकल्या नाहीत. जणू माझी वाटच पाहत होत्या. उठून आत गेल्या आणि परत येऊन टेबलावर एक चावी ठेवली.

फाटकाची दुसरी चावी. फाटक बसलं त्या वेळी त्या अजून समितीवर होत्या, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच होती. सचिवांना ते ठाऊक होतं, बाकी सगळे विसरले होते. त्या दुपारी पाणी दिल्यावर त्या चावी आणायलाच घरात आल्या होत्या. चावी हातात घेतली. तेवढ्यात सचिवांचा फोन आला. ते म्हणाले, बाई, एवढी वर्षं आपण मेहनत केली, आज शेवटच्या क्षणी काही होऊ देऊ नका. त्यांच्याकडे गाडी आहे, जातील ते. आणि बाई सोफ्यावर बसल्या. मोटारसायकल वळल्याचा आवाज येईपर्यंत त्या बसून होत्या.

"मी तिला नावानं ओळखत होते," त्या म्हणाल्या. "या बागेतली शेवंती तिनं दिलेली आहे."

त्यांना मी कोणत्या कलमात घ्यावं? सरकारी वकिलांशी दोन वेळा चर्चा केली. शेवटी त्या साक्षीदार झाल्या. स्वतःविरुद्ध जाईल असं सगळं त्यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाबात सांगितलं. ते कळल्यावर कारागीरही स्वतःहून आला आणि माझंही नाव लिहा म्हणाला.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं, वाट अडवणं, पुरावा नष्ट करणं असा गुन्हा सचिवांवर दाखल झाला. दोषारोपपत्र गेलं. खटला चालायला वेळ लागला. डॉक्टर मला ठाण्यात म्हणाले होते की अर्धा तास आधी आणली असती तर औषध देऊन वाचवता आली असती. कोर्टात त्यांनी सांगितलं की निश्चित सांगता येत नाही. वैद्यकीय दृष्ट्या तेच बरोबर होतं, मी त्यांना दोष देत नाही. नवी वही लिहिण्याबद्दल बचावाचं म्हणणं असं की जुनी पाण्याने खराब झाली होती. 'पान लागलं' या दोन शब्दांवर अर्धा दिवस उलटतपासणी झाली. शेवटी संशयाचा फायदा मिळाला. वाट अडवल्याबद्दल तेवढा दंड झाला. सचिवांनी तो त्याच दिवशी भरला आणि गाडीत बसून गेले.

बाईंची साक्ष मी कोर्टात बसून ऐकली. बचावाच्या वकिलाने त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं होतं. चावी तुमच्याकडे होती, फाटक तुम्ही उघडलं नाही, मग माझे अशील दोषी कसे, असा त्याचा प्रश्न.

"फाटकाबाहेर आमच्या कॉलनीतलं कोणी असतं तर मी विचार न करता उघडलं असतं," त्या म्हणाल्या. "विचार करावासा वाटला, तोच माझा दोष आहे."

बाहेर आल्यावर त्या मृत बाईच्या नवऱ्याकडे गेल्या. मी जवळच होतो. त्यांनी हात जोडले. तो म्हणाला, "बाई, तुमी देल्लं ते पानी तिच्या तोंडात गेलं. तिनं गिळलं थे." एवढं सांगून तो बस पकडायला निघून गेला. ही क्षमा होती की नाही, मला सांगता येणार नाही. पस्तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचायचं काम केलं, पण तो चेहरा मला वाचता आला नाही.

चौकीदाराची नोकरी गेली. कारागिराला कॉलनीतून काम मिळणं थांबलं. तहसीलदारांनी पांदण नकाशावर असल्याचं पाहून ती मोकळी करायचा आदेश दिला आणि फाटकाची दारं निघाली. मळ्यातले लोक मात्र आजही तिथून जात नाहीत. आजारी माणूस असला तरी बायपासला वळसा घालून जातात. माझ्या ऐकण्यात असं आलं की बाईंनी बाकांवरची अक्षरं स्वतः खरवडून काढली. बक्षिसाची ढाल कॉलनीच्या कार्यालयात अजून आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारतं. गुन्हा करणारा माणूस कसा दिसतो, याची पोलिसाच्या डोक्यात ठरावीक चित्रं असतात. त्या दुपारी फाटकाच्या आत असलेली माणसं त्यातल्या एकाही चित्रात बसत नव्हती. आपला रस्ता स्वच्छ ठेवणारी, झाडं जगवणारी माणसं होती ती, आणि त्यांचा अभिमान खोटा नव्हता. पण तो रस्ता आपला म्हणता म्हणता फक्त आपल्यासाठी कधी झाला, हे त्यांना कळलं नाही. आणि त्याला कुलूप लावायचा सल्ला वर्दीतल्या माणसाने टाळ्या घेत दिला होता.

निवृत्तीनंतरही मला कॉलन्यांच्या कार्यक्रमांना बोलावतात. मी जातो. सुरक्षेवर दोन शब्द बोला म्हणतात. मी कॅमेऱ्यांविषयी, कुलपांविषयी बोलतो, पण त्याआधी समोरच्या मंडळींना विचारतो की तुमच्या भिंतीच्या मागे कोण राहतं आणि त्यांच्या घरी कोणी आजारी पडलं तर ते दवाखान्यात कोणत्या वाटेने जातात. अजून तरी एकाही सभेत कोणाला हे सांगता आलेलं नाही.